आंबूस

“किती पितात?” डॉक्टरांनी विचारलं, ते मिलिंदला नाही, पौर्णिमाला. मिलिंद तिच्या शेजारीच स्टुलावर बसून शर्टाची बटणं लावत होता. सोनोग्राफीचा चिकट लेप पोटावरून नीट पुसला गेला नव्हता, त्यामुळे बनियन एका बाजूला ओला होऊन चिकटला होता, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्याच्या डोळ्यांचा पिवळेपणा लपत नव्हता. माणूस असा समोर बसलेला, तरी प्रश्न बायकोला. पिणारा खोटं बोलणार हे धरून चालायचं आणि बायको कंटाळून खरं सांगेल हेही धरून चालायचं. ती म्हणाली, पीत नाहीत. डॉक्टरांनी मान हलवली. ती मान पौर्णिमाला आता पाठ झाली होती. नाक्यावरच्या डॉक्टरने ती हलवली होती, कर्जतच्या डॉक्टरांनी हलवली होती, आता हे खोपोलीचे. मग आधी घेत असतील, डॉक्टर म्हणाले. कधीच नाही, ती म्हणाली. लग्नाकार्यात, सणासुदीला? नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि लहान मुलाची समजूत काढावी तशा आवाजात सांगितलं की ताई, लिव्हर अशी उगाच होत नाही, लपवलंत तर नुकसान तुमचंच आहे. आणि मिलिंद हसला. ओशाळून नाही, रागानेही नाही. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर हसतो तसा. तिला डॉक्टरांपेक्षा त्या हसण्याचा जास्त राग आला.

परतताना रिक्षा केली. खोपोलीचे कारखाने मागे पडले, घाटाच्या पायथ्याशी ढग लोंबत होते, आणि तिच्या डोक्यात तेच तेच फिरत होतं की हा का बोलत नाही. घरी पोचल्यावर तिने विचारलंच. तो म्हणाला, बोलून काय होणार, त्यांनी रोज अशीच लिव्हरं बघितलेली असतात, त्यांची काय चूक. त्यांची चूक नाही, आपली चूक नाही, मग ही चूक आहे तरी कुणाची, असं तिने विचारलं, तेव्हा तो पुन्हा हसला आणि म्हणाला, भूक लागली. खोटं होतं. भूक त्याला महिनाभर लागलेली नव्हती.

मिलिंद सोनावळे दारू पीत नाही ही त्यांच्या वाड्यातली जुनी, जवळजवळ कंटाळवाणी गोष्ट होती. त्याचा बाप काळूराम पीत असे आणि त्यातच गेला. मिलिंदच्या तेराव्या वर्षी बापाला रस्त्यावरून उचलून आणण्याचं काम त्याच्याकडे आलं, आणि बाप गेल्यावर विहारात पंचशील म्हणताना पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला त्याचा आवाज सगळ्यांपेक्षा मोठा निघायचा, असं त्याची आई सांगायची. लग्नाच्या वरातीत पिणाऱ्यांचे मोबाइल, चाव्या, पाकिटं सगळी मिलिंदच्या खिशात असत. नाचून, भांडून, ओकून झालं की एकेकजण येऊन आपापली वस्तू घेऊन जाई. पौर्णिमाला आठवायचे ते त्याचे फुगलेले खिसे. हीच माणसं आता दारात येऊन तब्येतीची चौकशी करत आणि जाताना तिला बाजूला घेऊन विचारत, वैनी, कधीपासनं चालू होतं?

वासाचं तर तिला लग्नाच्या वर्षापासून माहीत होतं. खालापूरच्या पुढे हायवेलगत पशुखाद्याचं जे गोदाम आहे तिथे तो तेव्हा नुकताच लागला होता. पावसाळ्यात भिजलेल्या मक्याच्या गाड्या येत. एका संध्याकाळी तो घरी आला आणि तिने तोंड फिरवलं. आंबूस, गोडसर, नाकात बसणारा वास. पिऊन आलात का, असं नव्या नवरीने विचारलं होतं. तेव्हाही तो असाच हसला होता. पँटच्या दुमडीतून त्याने मक्याचे चार फुगलेले दाणे काढून तिच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, मका आंबतो गं. मग त्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की तळाची पोती भिजून एकमेकांना चिकटतात, त्यांची भिंत होते, ती पहारीने फोडावी लागते, आणि फोडली की आतून हिरवा धूर निघतो. गुलालासारखा, फक्त हिरवा. माणूस दिसत नाही समोरचा. तोंडाला रुमाल बांधला तरी रात्री बेडका हिरवा पडतो. तिला ते ऐकताना गंमत वाटली होती, कारण सांगणारा गमतीने सांगत होता. पुढे ती त्याचे कपडे वेगळ्या बादलीत, सोडा टाकून धुवायला लागली. शिवणीतला वास कधी गेला नाही. मुलगी मेघा झाली, मोठी झाली, लग्न होऊन पेणला गेली, आणि त्या सगळ्या वर्षांत कधीतरी पौर्णिमाला तो वास यायचा थांबला. म्हणजे वास होताच, तिचं नाक थांबलं होतं. लोकांचं थांबलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

आणि वास ओळखायला तिच्यापेक्षा लायक बाई वाड्यात दुसरी नव्हती. कोंडाण्याच्या रस्त्याला एका फार्महाऊसवर ती साफसफाईला जायची. शनिवार-रविवार मुंबईची माणसं येऊन जात आणि सोमवारी सकाळी हिरवळीवर, बाथरूममध्ये, पोहण्याच्या तलावाच्या कडेला बाटल्या पडलेल्या असत. कुठली उंची, कुठली स्वस्त, कुणी ओकलंय, कुणी नुसती सांडलीये, हे ती झाडू मारता मारता सांगू शकली असती. नळावरच्या बायकांनी त्याचाही अर्थ काढला होता. उरलेल्या बाटल्या पिशवीतून कोण आणतं, नवऱ्याला कोण पाजतं, हे त्यांना ठाऊक होतं. तिच्या पिशवीत असायचा उरलेला पाव, कधी पनीर. ती पिशवी नळावर उलटी करून दाखवावी असं तिला रोज वाटे, आणि रोज वाटे की दाखवलं तर म्हणतील, आज नाही आणली.

मिलिंदचा धाकटा भाऊ किरण पंचायत समितीत शिपाई होता आणि विहाराच्या मंडळाचा सेक्रेटरी. माणूस चांगला, आणि तीच अडचण होती. वाईट माणसाला हाकलता येतं. किरण रोज यायचा, फळं आणायचा, भावाचे पाय चेपायचा, आणि तिला स्वयंपाकघराच्या दारात गाठून डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, वैनी, डॉक्टरपाशी लपवू नये, दादाला बापाची लाज वाटते म्हणून तो बोलत नाही, तुमी तरी बोला. तिने शपथ घेतली तर तो म्हणाला, तुमची शपथ खरीच असणार, तुमाला पण त्याने कळू दिलं नसणार. या माणसाला काय सांगायचं. तिचा प्रत्येक शब्द तो प्रेमाने वाकवून आपल्या बाजूला लावून घेत होता. मिलिंदची कामावरची जागा रिकामी झाली तेव्हा मुकादम प्रवीणला सांगून मिलिंदनेच ती किरणच्या मुलाला, राकेशला दिली होती. चोवीस वर्षांचा, लग्न ठरलेला पोरगा घरात बसून होता, तो मार्गी लागला. किरण त्या दिवशी दादाच्या पाया पडला आणि त्याच उपकाराच्या भरात म्हणाला की आता मी तुला बरा करणार.

बरा करायचं म्हणजे खोपोलीच्या व्यसनमुक्ती केंद्रात न्यायचं. आणि मिलिंद तयार झाला. पौर्णिमाच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. कशाला, तिने विचारलं. किरणला बरं वाटेल, तो म्हणाला. आठवड्यातून एकदा दोघे भाऊ मोटरसायकलवरून जात. तिथे सगळे गोल करून बसत आणि एकेकजण उठून सांगे की मी कसा सुरू झालो, कुणाकुणाला मारलं, काय काय विकलं. केंद्र चालवणारे निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे अप्पा म्हणत. ते स्वतः एके काळी पीत होते. मिलिंदची पाळी आली तेव्हा तो उठला आणि म्हणाला, मी पीत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पुन्हा सांगितलं की कधीच प्यायलो नाही, तेव्हा अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून इतरांना समजावलं की सुरुवातीला असं होतं, आपण सगळेच यातून गेलोय, घाई नको. हे त्याने घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं; हसताना उजव्या बरगडीखाली हात दाबून धरावा लागत होता. पौर्णिमाला हसू आलं नाही. तुमाला राग कसा येत नाही, ती म्हणाली. रागवायला पण दम लागतो, तो म्हणाला.

आणि मग एका दुपारी जे व्हायला नको होतं ते झालं. मिलिंद बाहेर ओट्यावर उन्हाला बसला होता. ती त्याचा शर्ट भिजवायला घेत होती, कपाटातला जुना, कामावरचा. त्याला कामावर जाणं थांबवून महिने झाले होते. तिने तो नाकाशी नेला. नेल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. वास आला. सोमवारच्या हिरवळीवरचा येतो तसाच. म्हणजे तसाच नाही, पण तसाच म्हणायचं ठरवलं तर तसाच. इतकी माणसं सांगतात. डॉक्टर सांगतात, भाऊ सांगतो. एवढ्या शिकलेल्या, चांगल्या माणसांना काहीतरी दिसत असेल जे मला दिसत नाही. तिने तांदळाच्या पिंपामागे हात घालून बघितलं. मोटरसायकलची डिकी उघडली. मग खुर्ची घेऊन माळ्यावर चढली आणि जुन्या परातीच्या मागे, गाद्यांच्या मागे चाचपू लागली. काही सापडत नव्हतं आणि सापडत नाही म्हणून ती चिडत होती, एक बाटली सापडली असती तर सगळं जग एकदम सरळ झालं असतं. “काय शोधतेस गं?” खालून मिलिंद विचारत होता. दारात उभा होता, किती वेळ ते माहीत नाही. पातळ चादर, ती म्हणाली. तो आत गेला, खालच्या पेटीतून पातळ चादर काढली आणि खुर्चीपाशी येऊन वर धरली. हसला नाही. तिने चादर घेतली आणि खाली उतरेपर्यंत तो पुन्हा ओट्यावर जाऊन बसला होता, तिच्याकडे पाठ करून.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं तेव्हा पावसाळा सरत आला होता. तिथल्या डॉक्टरीणबाई अगदी तरुण होत्या, ईशानी नावाच्या. केस वर बांधलेले, डोळ्यांखाली जागरण. त्यांनी रिपोर्ट चाळून वर बघितलं आणि विचारलं, “कामाला कुठे होता?” पौर्णिमा तोपर्यंत म्हणूनही बसली होती की पीत नाहीत. बाई म्हणाल्या, ते नंतर. काम काय होतं? मिलिंदने सांगितलं. मका, शेंगपेंड, सरकी. बाई विचारत गेल्या. धूळ किती, रंग कसला, तोंडाला काय बांधायचात, डबा कुठे खायचात. तिथेच पोत्यांवर बसून, तो म्हणाला. हात? पाणी असलं तर धुवायचो. काविळीच्या विषाणूच्या तपासण्या त्यांनी पुन्हा करायला लावल्या, त्याही स्वच्छ आल्या. तेव्हा त्यांनी दोघांना बसवून सांगितलं की लिव्हरमध्ये गाठ आहे, मोठी आहे, कापता येण्यासारखी नाही, औषधांनी वेळ मिळेल. आणि सांगितलं की भिजलेल्या धान्यावरच्या काही बुरशीत एक विष असतं. ते खाण्यातून जातं, धुळीबरोबरही थोडंफार जात असावं, आणि वर्षानुवर्षं गेलं तर लिव्हरला धरतं. यांना त्यानेच झालं असं मी ठामपणे सांगू शकत नाही, पण शक्यता आहे. दारूची कुठलीही खूण मला दिसत नाही.

पौर्णिमाला रडू यायला हवं होतं आणि येत होती ती चीड. दारूच्या बाबतीत सगळे ठाम होते. नाक्यावरचा ठाम, खोपोलीचा ठाम, नळावरच्या बायका ठाम, एकालाही पुरावा लागला नाही. आणि मक्याची पाळी आली की शक्यता. “मग तेवढं लिहून द्या,” ती म्हणाली, “की हे पीत नव्हते.” बाईंनी लिहिलं. लिहिताना म्हणाल्या, तिथे अजून माणसं काम करत असतील तर त्यांना सांगा.

तिने किरणला सांगितलं. त्याने कागद वाचला, घडी घातली, परत दिला. शक्यता तर कशाचीही असते, तो म्हणाला. मी प्रवीणला विचारलं, तिथं इतकी माणसं आहेत, सगळ्यांना का नाही झालं? आणि राकेश तोंडाला मास्क लावतो. हे शेवटचं वाक्य त्याने घाईने म्हटलं. तेव्हा तिला दिसलं की हा माणूस दारूला का चिकटून बसला आहे. दारू असली तर ती दादाच्या पोटात होती. मका असला तर तो राकेशच्या पुढ्यात आहे. तिला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून आणखी संताप आला.

मग ती स्वतः गोदामावर गेली. फाटकाशी एक अर्धी भरलेली गाडी परत जायला उभी होती. मुकादम प्रवीणने तिला ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला, मिलिंदसारखा माणूस नाही म्हणाला. ही गाडी परत का चालली, तिने विचारलं. माल नापास झाला वैनी, बुरशी जास्त निघाली, असला मका गाईला घातला तर विष दुधात उतरतं, डेरीवाले घेत नाहीत. हे तो अगदी सहज सांगत होता, आणि त्याच्या मागे, अर्धी गाडी आधी उतरवली गेली होती त्या ढिगात दोन माणसं फावड्याने तो मका पुन्हा पोत्यांत भरत होती. एक कोंडी होती, ठाकुरवाडीकडची, झाडलोट करणारी म्हातारी होत चाललेली बाई, पदर नाकावर घेतलेली. दुसरा धाऊ, उघडाच. त्यांच्याभोवती हिरवट धूळ उभी होती आणि वास असा की पौर्णिमाचं इतक्या वर्षांचं बंद नाक एकदम उघडलं. गाईला चालत नाही ते माणसाला कसं चालतं, असं तिने प्रवीणला विचारलं. तो म्हणाला, मास्क दिलेत वैनी, घालत नाहीत, गुदमरतं म्हणतात. ती निघाली तेव्हा कोंडी नळावर पाय धूत होती. पौर्णिमाने तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. कोंडीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आमाला रिक्षात कुनी बाजूला बसू देत नाय. पिऊन आली म्हनतात. मी म्हनते, हा, पिली.” आणि बोळक्या तोंडाने हसली. ही सगळी माणसं हसतात का, असं मनात म्हणत पौर्णिमा घरी आली.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत मिलिंद खाटेला लागला होता. पोट तेवढं वर, बाकी सगळा आत गेलेला. अशात किरणने येऊन सांगितलं की केंद्राचे लोक रविवारी घरी येणार आहेत, दादाचा सत्कार करायला. वर्षभर दारूपासून दूर राहिल्याबद्दल. मिलिंद म्हणाला, येऊ दे.

अप्पा आले, त्यांच्याबरोबर केंद्रातले आणखी दोघे. शाल, गुलाबाची फुलं, फ्रेममध्ये बसवलेलं प्रमाणपत्र. पौर्णिमाने चहा ठेवला, कारण आलेल्या माणसाला चहा ठेवावाच लागतो. अप्पांनी शाल मिलिंदच्या खांद्यावर घातली आणि मनापासून बोलायला सुरुवात केली, की उशीर झाला असेल, पण जिंकला तो जिंकला. तेवढ्यात राकेश आला. फोटो काढायला किरणने त्याला बोलावलं होतं, तो कामावरून थेटच आला होता. दारात चपला काढून तो आत सरकला, अप्पांच्या मागे येऊन उभा राहिला. अप्पा बोलता बोलता थांबले. त्यांचं नाक आधी वळलं, मग ते. वर्षानुवर्षं प्यायलेल्या आणि मग सोडलेल्या माणसाचं नाक. त्यांनी राकेशकडे दुःखाने बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, “ये, बस. लाजू नकोस.”

किरणचा चेहरा पांढरा पडला. “राकेश, पिऊन आलास?”

“नाय बाबा. कामावरनं आलो.”

“खरं सांग.”

“नाय म्हनतोय ना.”

किरणने त्याची कॉलर धरून त्याला ओढलं आणि त्याच्या छातीशी नाक नेलं. एकदा. मग शर्टाची बाही उचलून पुन्हा. पौर्णिमा त्याच्या तोंडाकडे बघत होती. माळ्यावर चढलेली ती स्वतः अशीच दिसली असेल. राकेशच्या भुवयांत, कानाच्या पाळीवर हिरवट पूड बसलेली होती आणि ती किरणच्या बोटांना लागली होती. तो बोटांकडे बघत राहिला.

“मी बी हेच सांगत होतो, किरण,” मिलिंद म्हणाला. हसत नव्हता. “हेच. नाय म्हनतोय ना. एकालाबी विचारावंसं वाटलं नाय, की वास कसला हाय?” त्याने शाल ओढून काढली आणि फेकली, ती फार लांब गेली नाही, खाटेच्या कडेला लोंबली. “पोराला मीच घातला तिथं. मी घातला, आनि तुला सांगून सांगून माझी...” पुढे खोकला आला. ज्या रागाची पौर्णिमा वर्षभर वाट बघत होती तो आला होता, आणि आता तो थांबावा एवढंच तिला वाटत होतं, कारण मिलिंदला श्वास पुरत नव्हता. तिने त्याला पाठीला हात देऊन बसवलं. अप्पा शाल उचलून तिची घडी घालू लागले, घडी नीट पडेना तेव्हा तशीच काखेत घेतली आणि चपला शोधत बाहेर गेले. चहा कुणी प्यायला नाही.

मिलिंद शांत झाल्यावर ती राकेशला मोरीकडे घेऊन गेली. शर्ट काढ म्हणाली. घरी जाऊन काढतो काकी. काढ म्हणते ना. तिने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, शर्ट बादलीत बुडवला. पाणी गढूळ हिरवं झालं. मागे कुणीतरी उभं होतं. किरणने बादली तिच्या हातातून घेतली, इस्त्रीच्या पँटने मोरीत उकिडवा बसला आणि शर्ट घासू लागला. साबण मागितला. तिने दिला.

“उद्या सकाळची पाळी हाय त्याची,” किरण मान वर न करता म्हणाला. “जानार नाय तो.”

“आनि कोंडी?” ती म्हणाली. “धाऊ? बाकीचे?”

त्याने शर्ट पिळला, झटकला, नाकाशी नेला आणि पुन्हा पाण्यात टाकला. “उद्या पाळीच्या टायमाला मी जातो फाटकाशी. एकेकाला सांगतो. तुमी येता?”

“येते,” पौर्णिमा म्हणाली. “पन बोलायचं तुमी, भावजी. माझं बोलून झालंय.”